पिकअपचा स्टिअरिंग रॅक घरी बदलताना
(कवठे येमाई येथील प्रौढ वाचन-वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी दिलेले भाषण)



गेल्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर दोघाचौघांनी मला विचारले, "गुरुजी, पिकअपचा रॅक घरी बदलता येतो का हो?" मागून कोणीतरी म्हणाले, "गुरुजींना काय विचारता, ते मॅट्रिक झालेत, गॅरेजात नाही!" खरे आहे. पण आमच्या पुतण्याची पिकअप आहे. तिचा रॅक आमच्याच खळ्यावर बदलला. माझा एक जुना विद्यार्थी आता मेस्त्री आहे, तो पान्यावर होता आणि मी वही-पेन्सिल घेऊन शेजारी बसलो होतो. तेव्हा पाहिलेले आणि त्याला विचारून घेतलेले तेवढेच सांगतो.

आधी रॅक म्हणजे काय ते पाहू. बैल कसा वळतो? कासरा ओढला की वळतो. गाडीच्या पुढच्या दोन चाकांनाही असेच दोन कासरे असतात, पण ते लोखंडी. त्यांना टाय रॉड म्हणतात. हे दोन्ही टाय रॉड एका आडव्या सळईच्या दोन टोकांना जोडलेले असतात. त्या सळईवर करवतीसारखे दाते असतात. हाच रॅक. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असते, ते पिनियन. तुम्ही स्टिअरिंग फिरवले की पिनियन फिरते, दात्यात दाता अडकतो, सळई डावी-उजवीकडे सरकते आणि चाके वळतात. बस्स, एवढेच यंत्र. पण कांद्याच्या गोण्या भरून मंचरला निघालेली गाडी या दात्यांच्या भरवशावर चाललेली असते.

सगळ्याच गाड्यांना रॅक नसतो, बरे का. १९४७ साली महिंद्रांनी आपल्या देशात जीपगाड्या जोडायला सुरुवात केली. त्या जीपगाडीला रॅक नव्हता, स्टिअरिंगची पेटी होती. मोठ्या ट्रकला अजूनही पेटीच असते. म्हणून आधी खाली वाकून पाहावे. एका चाकापासून दुसऱ्या चाकाकडे आडवी नळी गेलेली दिसली आणि तिच्या दोन्ही टोकांना घडीघडीचे रबरी बूट दिसले, तर तो रॅक.

आता दुसरी गोष्ट. स्टिअरिंग ढिले झाले म्हणजे रॅकच गेला असे नाही. पुष्कळ वेळा दोष दुसरीकडे असतो आणि रॅकचे पैसे फुकट जातात. पुढचे चाक उचलून धरा. डाव्या व उजव्या बाजूला हात लावून हलवा. खडखड वाजले तर टाय रॉडचा सांधा किंवा रॅक. वर आणि खाली हात लावून हलवल्यावर खडखड वाजले तर चाकाचे बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग एकाने स्टिअरिंग थोडे थोडे हलवावे, दुसऱ्याने खाली पाहावे. जिथे एक भाग हलतो पण त्याला जोडलेला भाग उशिरा हलतो, तिथे दोष आहे. रबरी बूट दाबल्यावर आत तेल लागले, तर रॅकचे सील गेले असे समजावे. आमच्या गाडीत तेच झाले होते.

आता गाडी उचलण्याचे. इथे मी जरा थांबणार आहे. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली माणसाने जाऊ नये. गाडीच्या साच्याखाली दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावावेत. आपल्याकडे विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक लावायची सवय आहे. ते आधी तडकत नाहीत, एकदम फुटतात. स्टँड नसतील तर काम पुढे ढकला, मागून आणा. काळ्या मातीत किंवा ओल्या अंगणात गाडी उचलू नये. एक टोक खचते आणि गाडी कलते. फरशी किंवा कठीण, सपाट जागा पाहावी. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढावा. मग गाडी हाताने जोराने हलवून पाहावी. पडायची असेल तर ती आपण बाहेर असतानाच पडू द्यावी! आणि पोरांना त्या दिवशी खळ्यावरून हाकलावे.

चाके सरळ ठेवा. किल्ली काढा आणि स्टिअरिंग दोरीने सीटला बांधा. का? ज्या गाडीत एअरबॅग आहे, तिच्या स्टिअरिंगखाली घड्याळाच्या कमानीसारखी एक पट्टी गुंडाळलेली असते. रॅक सुटल्यावर स्टिअरिंग मोकळे फिरले, तर ती पट्टी तुटते.

आता पेन्सिल घ्या. टाय रॉडचे टोक काढताना ते किती फेऱ्यांत निघाले ते मोजून लिहा. समजा डावीकडे १४ आणि उजवीकडे १५. नवीन रॅकवर तेवढेच फेरे बसवले, की चाके जवळजवळ जागेवर येतात. माझ्या पुतण्याला हे तोंडपाठ राहील असे वाटत होते. संध्याकाळपर्यंत दोन्ही आकडे त्याच्या डोक्यातून गेले होते. वहीत मात्र होते.

टोक सुटत नसेल तर त्याच्या आट्यांवर हातोडा मारू नये. आटे चपटे होतात, मग नट बसत नाही. ज्या कानात ते बसलेले असते, त्या कानाच्या बाजूला ठोका द्यावा. त्याआधी नटातली वाकवलेली पिन काढावी. ती पिन पुन्हा वापरू नये, नवी घालावी. काही पैशांची वस्तू आहे, पण नट सुटू नये म्हणून ती एकटी राखणीला बसलेली असते.

मग दांडा आणि पिनियन यांचा सांधा. सोडवण्यापूर्वी दोन्हींवर रंगाची एक सरळ रेघ मारावी. पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या नळ्या सोडताना खाली डबा धरावा आणि उघडी तोंडे स्वच्छ प्लास्टिकने बांधावीत. खळ्यावरची धूळ आत गेली तर नवा रॅकही टिकणार नाही.

रॅक बाहेर काढण्यासाठी इंजिनाखालचा आडवा पाट सोडावा लागत असेल, तर तिथेच थांबा. काही गाड्यांत त्या पाटावर इंजिनाचा भार असतो. ते घरचे काम नव्हे. तसेच ज्या गाडीला विजेवरचे पॉवर स्टिअरिंग आहे, तीही वर्कशॉपला न्यावी. तिला सरळ कुठे आहे हे संगणक लावून सांगावे लागते. आपला पाना तिथे चालत नाही.

नवा रॅक जुन्याशेजारी ठेवून पाहावा. लांबी, बोल्टची भोके, नळ्यांची तोंडे आणि वर छापलेला नंबर जुळला पाहिजे. नंबर स्वतः वाचा. भंगारातला रॅक घेऊ नये. त्याचे दाते किती झिजले ते बाहेरून दिसत नाही. पिनियन एका टोकापर्यंत फिरवा, मग दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते मोजा. ३ झाले तर दीड फेरा मागे या. तो मध्य. मध्यावर ठेवूनच रॅक बसवावा, नाहीतर गाडी एका बाजूला जास्त वळेल आणि दुसऱ्या बाजूला कमी.

सगळे बोल्ट आधी हाताने लावावेत, मग पान्याने आवळावेत. किती आवळायचे, तो आकडा कंपनीच्या पुस्तकात न्यूटन-मीटरमध्ये असतो. त्यासाठी टॉर्क पाना लागतो, तो गावात कोणाकडे तरी मिळतो. पान्याला पाइप लावून जीव खाऊन आवळणारे फार. बोल्ट ताणला जातो आणि पुढे कधीतरी तुटतो.

तेल पुस्तकात लिहिले असेल तेच घालावे. इंजिन बंद, चाके वर उचललेली. स्टिअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत बऱ्याच वेळा फिरवावे. टाकीत बुडबुडे येतात. ते थांबेपर्यंत फिरवावे आणि तेल भरत राहावे. मग इंजिन चालू करावे. टोकाला नेऊन स्टिअरिंग दाबून धरू नये, पंपावर जोर येतो.

कोणी म्हणेल, कंपनीच्या लोकांनाच द्यावे, त्यांचे चुकत नाही. तसेही नाही. जुलै २०२३ मध्ये मारुती कंपनीने एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. स्टिअरिंगच्या टाय रॉडचा एक भाग क्वचित तुटू शकेल, अशी शंका होती. पण कंपनीने ते जाहीर केले आणि फुकट बदलून दिले, हे महत्त्वाचे. म्हणून आपली गाडी अशा यादीत आहे का, हे आधी विचारावे. नाहीतर फुकट होणाऱ्या कामाचे पैसे आपण घालू.

काम झाल्यावर पहिल्यांदा गाडी रिकाम्या रानवाटेवर, माणसाच्या चालीने चालवावी. गोणी नको, मजूर तर नकोतच. खुरपणीच्या बायका पिकअपच्या मागे उभ्या करून नेतात, ते एरवीही कायद्याला धरून नाही. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे, नळी किंवा टायर कुठे घासतो का ते ऐकावे. मग सावकाश मलठणमार्गे शिरूरला जाऊन चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. दोरी लावून घरी जमते असे म्हणणारे आहेत. दोरीने गाडी शिरूरपर्यंत नेण्याइतकेच जमते. दोन चाकांच्या पुढच्या आणि मागच्या अंतरात थोड्या मिलिमीटरांचा फरक राहिला, तरी टायर एका कडेने खाल्ला जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली एक जुने वर्तमानपत्र पसरून ठेवा. तासाभराने त्यावर तेलाचा डाग दिसला, तर नळीचा सांधा पुन्हा पाहावा. डब्यातले जुने तेल ओढ्यात किंवा पाटात ओतू नका, गॅरेजवाला ते घेतो. आणि जुना रॅक दुकानदाराला दाखवा, काही दुकानदार तो परत घेऊन किमतीत थोडी सूट देतात.