समजावणं थांबवा, बोलतं करा
(माकुणसार येथे महिला मंडळांच्या बैठकीत केलेल्या भाषणावरून)



मघाशी एका ताईंनी विचारलं, "पिणाऱ्याला समजवायचं तरी किती? बोलून बोलून तोंड दुखलं." आज त्यावरच बोलते.

एम.एस.डब्ल्यू. करून मी या भागात कामाला लागले तेव्हा मीही समजावतच होते. एका घरी वर्षभर गेले. नवरा तारापूरच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार. लिव्हर खराब होतं, पोरं उपाशी राहतात, सगळं सांगून झालं. तो "हो ताई" म्हणायचा. पुढे पुढे मला लांबून बघितलं की मागच्या दारानं निघून जायचा. त्याची बायको म्हणाली, "तुम्ही येऊन गेलात की तो जास्तच पितो."

माझं काय चुकत होतं, ते नंतर कळलं. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये व्यसनी माणसांशी बोलण्याची एक वेगळी रीत मांडली. १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासोबत त्यावर पुस्तक लिहिलं. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग असं तिचं नाव. आपण 'बोलतं करणं' म्हणू. पिणाऱ्याच्या मनात दोन्ही असतं: प्यावंसंही वाटतं, सोडावंसंही वाटतं. आपण 'सोड' म्हणत राहिलो की त्याच्या वाट्याला 'का सोडू?' एवढंच उरतं. आणि माणूस जे स्वतःच्या तोंडानं बोलतो ते त्याला पटत जातं.

म्हणून विचारायचं, "दारूतून तुम्हाला काय मिळतं? आणि काय जातं?" तो म्हणेल, "पोरगी जवळ येत नाही." इथे उपदेश करायचा नाही. त्याचंच बोलणं त्याला परत द्यायचं: "पोरगी लांब गेली, हे तुम्हाला लागलंय." मग विचारायचं, "सोडणं किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहात सांगा." तो चार म्हणाला, तर "चारच का?" असं विचारू नका. "दोन का नाही?" असं विचारा. सोडायची कारणं तोच सांगू लागतो. सल्ला द्यायचाच तर आधी विचारून द्यावा. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याला एकदम बंद करायला सांगू नका. फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. त्याला दवाखान्यातच न्या.

हे गोव्यात करून पाहिलंय. संगाथ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांकडून, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी एक ते चार वेळा असं बोलणं करवलं. निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा आधीच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले शंभरात ४२ होते. ज्यांच्याशी असं बोलणं झालं नव्हतं, त्यांच्यात १८.

आता आपल्या कामाची गोष्ट. त्याच अभ्यासात बायकोला मारण्यात फरक पडलेला दिसला नाही.

'दारूमुळे मारतो' असं आपण सगळ्याच म्हणतो. पण पिऊन आलेला हा माणूस ठेकेदारावर हात उगारत नाही. कुणावर उगारायचा हे त्याला नशेतही कळतं. तेव्हा दारू हा आजार समजून त्याच्याशी शांतपणे बोलू, पण मारहाणीला आजार म्हणणार नाही. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. 'आधी दारू सुटू दे, मग बघू' असं कुणा बाईला सांगू नका. आणि हे बोलतं करण्याचं काम बायकोवर टाकू नका. ते कार्यकर्तीचं, दवाखान्याचं काम.

शेवटचं आपल्याबद्दल. मार खाणाऱ्या बाईलाही आपण समजावतोच ना? "सोड त्याला, तक्रार कर." मी एकीच्या मागे असाच लकडा लावला होता. ती बैठकीला यायची बंद झाली. तिच्याही मनात दोन्ही होतं. मी एकच बाजू धरली, दुसरी तिला धरावी लागली. पुढे काही महिन्यांनी सफाळ्याच्या बाजारात भेटली. या वेळी मी एवढंच विचारलं, "तुला काय हवंय?" बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "रात्री दाराला आतून कडी लावून झोपायचंय."

आमचं काम तिथून सुरू झालं. कायद्याचा कागद मी नंतर काढला, तिनं मागितल्यावर.