ऐपत आणि आहेर

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील नंदगड हे माझे गाव. दूरच्या माणसाला ते ठाऊक असते ते १८३१ साली तेथे फाशी गेलेल्या संगोळ्ळी रायण्णांमुळे. त्या गावातील दोघा मित्रांची हकीकत आज सांगावयाची आहे. त्यांपैकी एक मी. आणि चूक घडली ती माझ्या हातून.

आम्ही दोघे एका बाकावर शिकलो. पुढे मी नोकरीसाठी पुण्यास गेलो, पगार चढत गेला. तो गावीच राहिला. थोडी भातशेती, एक म्हैस आणि ओसरीवरचे शिवणयंत्र एवढ्यावर त्याने संसार केला. सुट्टीत भेटलो की हे अंतर दोघांच्याही ध्यानात येत नसे. त्याच्या थोरल्या मुलीचे लग्न निघाले, तेव्हा मात्र मी सोन्याच्या कुड्या घेऊन गेलो. मांडवात ध्वनिक्षेपकावरून आहेर पुकारले जात होते. कुणाचा शंभराचा, कुणाचा दोनशेचा. आणि मग माझे नाव व त्या कुड्या. खोटे कशाला बोलू, त्या क्षणी मला फार बरे वाटले. मित्र खाली मान घालून पाहुण्यांची पाने वाढीत होता, हे मी पाहिले आणि विसरलो.

तीन वर्षांनी माझ्या मुलाच्या लग्नास तो पुण्याला आला. त्याने चांदीचे भारी तबक आणले होते. किमतीने ते माझ्या आहेराहून उणे नव्हते, थोडे अधिकच असेल. त्यानंतर सुट्टीत मी गावी गेलो की तो खानापूरला गेलेला असे. पत्र नाही, फोन नाही. तबकासाठी त्याने दुभती म्हैस विकली होती, हे मला वर्षभराने, तेही तिसऱ्याच माणसाकडून कळले.

आपल्याकडे घरोघर आहेराची वही असते. कार्य उरकले की वडीलधारे माणूस चष्मा लावून बसते आणि कुणी काय दिले ते टिपून ठेवते. त्या घरी कार्य निघाले की वही उघडायची आणि तेवढ्याच किमतीचा, जमल्यास थोडा चढ, आहेर करायचा. या वहीला नावे ठेवण्याची पद्धत आहे, परंतु मला ती तितकीशी वाईट वाटत नाही. लग्नाच्या खर्चात हातभार लावण्याची ती गावाची जुनी रीत. एकाच ऐपतीच्या घरांत ती सुखाने चालते. माझ्या मित्राच्या वहीत मात्र मी असा आकडा लिहून आलो, की जो फेडल्यावाचून त्याला झोप येईना.

आमच्या भागात मराठीच्या जोडीने कानडी कानावर पडते. कानडीत परतफेडीच्या आहेराला ‘मुय्यि’ म्हणतात. आणि गंमत अशी, की सूड उगवण्यालाही तोच शब्द चालतो. देणे फेडणे आणि उट्टे काढणे एकाच शब्दात! फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनीही असेच एक शब्दकौतुक नोंदवले आहे. जुन्या जर्मन कुळातील भाषांत जो शब्द भेटीचा, तोच विषाचा. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दीर्घ निबंधात मोस यांनी नाना देशांच्या चालीरीती धुंडाळून दाखविले, की भेट देणे, ती स्वीकारणे आणि तिची फेड करणे ही तिन्ही माणसावर बंधने असतात. ज्याला फेडता येत नाही, तो देणाऱ्यापुढे लहान होतो. हे वाचले तेव्हा मला तबक आठवले.

महाभारतात द्रोण मोठ्या आशेने द्रुपदाकडे जातात आणि त्याला ‘मित्रा’ म्हणून हाक मारतात. द्रुपद उत्तर देतो, की मैत्री बरोबरीच्यांची. राजाचे आणि दरिद्र्याचे सख्य कसले? त्या एका वाक्यापायी पुढे अर्धे राज्य गेले. आपण द्रुपदाला उद्दाम म्हणतो. पण मी तरी निराळे काय केले? त्याने तोंडाने सांगितले, मी कुड्यांनी सांगितले.

याच्या उलट सुदाम्याची कथा पाहा. ती लहानपणापासून ऐकूनही तिच्यातील एक बारकावा माझ्या ध्यानात उशिरा आला. सुदामा द्वारकेला येतो, तेव्हा कृष्ण प्रथम देत नाही, मागतो. ‘माझ्यासाठी काय आणलेस?’ असे विचारून, लाजेने लपविलेली पोह्यांची पुरचुंडी तो स्वतः ओढून घेतो आणि मूठभर पोहे तोंडात टाकतो. दुसऱ्या मुठीला रुक्मिणी हात धरते. आणि सुदाम्याला जे मिळायचे ते भर दरबारात मिळत नाही. तो रिकाम्या हाताने परततो आणि घरी जाऊन पाहतो, तो सारे पालटलेले. देताना त्याला कुणी पाहिले नाही आणि कुणी पुकारलेही नाही. श्रीमंत मित्राला घेता येणे हे देता येण्यापेक्षा कठीण असते, असे मला वाटते. घेणाऱ्याचा हात खाली असतो, आणि तो खाली धरण्याची आम्हा कमावत्यांना सवय नसते.

हीच गोष्ट सहलीची आणि वर्गणीची. जुने वर्गमित्र एकत्र यायचे ठरले, की मोठ्या पगाराची दोघेतिघे मंडळी बेत ठरवितात. गोव्यातले हॉटेल, मोटार, जेवणखाण, सारे ठरून जाते आणि मग सांगतात, ‘प्रत्येकी सारखे पैसे.’ ऐकायला यात मोठा न्याय वाटतो. परंतु तीच रक्कम एकाची संध्याकाळची चैन असते, तर दुसऱ्याचा महिन्याचा किराणा. हल्ली तर कुणाची वर्गणी आली आणि कुणाची राहिली, हे मोबाइलवर सर्वांना एकदम दिसते. बिचारा ‘घरी पाहुणे आहेत’ असे कळवून मोकळा होतो. ‘त्याचे मी भरतो’ असे चारचौघांत म्हणणारा उदार मित्र तर त्याला आणखीच दूर लोटतो. आकडा ठरण्यापूर्वी ज्याचा खिसा सर्वांत लहान त्याच्याशी कुणीतरी एकट्याने बोलावे आणि बेतच त्याच्या मापाने शिवावा. गोव्याऐवजी कुणाच्या तरी शेतावर पिठले-भाकरी झाली म्हणून गप्पांना काही कमी पडत नाही.

रायण्णांच्या समाधीवर एक वड आहे. त्यांच्या एका जिवलग साथीदाराने तो लावला, असे सांगतात. आज तो विस्तारला आहे, आणि मूल व्हावे म्हणून लोक त्याला पाळणे बांधून जातात. त्या साथीदाराने केलेल्या आहेराची फेड व्हायची नव्हती, हे त्याला लावतानाच ठाऊक होते.

आमचे सख्य पुन्हा कसे जुळले ते सांगतो. आमच्या शेतकऱ्यांत सावडीची चाल आहे. आज तू माझ्या शेतात राब, उद्या मी तुझ्या. त्यात दिवसाला दिवस फिटतो. मोठ्या जमिनीवाल्याचा दिवस मोठा धरीत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात आमचे जुने घर शाकारायचे होते. मी त्याच्या दारी गेलो आणि म्हणालो, ‘मला यातले काही कळत नाही. तुझे दोन दिवस हवेत.’ पैशाचे नाव काढले नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग शिवणयंत्रावर कापड झाकून उठला. दोन्ही दिवस त्याने गड्यांना आणि मला सारखेच फटकारले. जाताना त्याने परसातला एक भला मोठा फणस माझ्यापुढे ठेवला. पूर्वीचा मी असतो तर ‘पुण्याला एवढे ओझे कसे नेऊ’ म्हटले असते. या खेपेस मी तो गाडीत मांडीवर घेऊन गेलो. घरभर आठ दिवस वास होता.

पाऊस लागल्यावर मी माझे दोन दिवस फेडायला गेलो आणि त्याच्या वाफ्यात उतरलो. माझी रोपलावणी इतकी वाकडी झाली, की संध्याकाळी त्याने माझ्यादेखत दोन ओळी उपटल्या आणि पुन्हा लावल्या.