उरलेली शंभर पुस्तकं



नव्या वर्षात पन्नास पुस्तकं वाचायचा संकल्प बहुधा फेब्रुवारीतच बारगळतो. म्हणून एक साधा हिशेब मांडते. आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास. वर्षाला चार पुस्तकं धरली, तर सत्तरीपर्यंत होतात शंभर. फक्त शंभर! तेव्हा आता निवडून वाचायला हवं.

माझी यादी तीन महिन्यांना एक अशी आहे. पहिलं, शाळेत ज्याचा नुसता धडा वाचला, ते अख्खं पुस्तक: ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहाय-वाचायला शिकल्या आणि १९३४मध्ये या आत्मचरित्राचा पहिला भाग आला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. म्हणजे आपल्याला उशीर झालेला नाही! दुसरं, आटोपशीर: व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तराची गोष्ट. तिसरं, घरातली मुलं सुचवतील ते.

पन्नास पानांत मन रमलं नाही, तर पुस्तक बिनदिक्कत मिटायचं. शंभरातली जागा अडवून ठेवायची नाही.

चौथी ओळ कोरी ठेवली आहे. बाई, तिथं कोणतं नाव लिहू? वही सोबत आणली आहे.