उष्णता अडते ती सांध्यात



सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड बाजारात साडी गठ्ठ्यात बांधली जाते ती फार नंतर. आधी तिची बुट्टी, काठ आणि पदर संगणकाच्या पडद्यावर उमटतात. एम्ब्रॉयडरीच्या यंत्रासाठी डिझाइन ‘पंच’ करणारी, डिजिटल छपाईसाठी रंग बसवणारी मुलेमुली दिवसभर लॅपटॉपसमोर बसलेली असतात. उधना, लिंबायत, पांडेसरा, दिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी घरे मोठ्या संख्येने आहेत. पहिली पिढी यंत्रमागावर राबली आणि पुढची पिढी माऊस धरून डिझाइनला बसली, अशीही घरे त्यांत आहेत. या घरांत लॅपटॉप म्हणजे रोजीरोटीचे अवजार आहे. उन्हाळा लागला की नेमके तेच रडकुंडीला आणते.

पडदा अडखळतो, पंखा घोंघावतो, तळाला हात लावला तर चटका बसतो. आत ग्राफिक्सची चिप तापलेली असते. बहुतेक लॅपटॉपमधल्या या चिपा ८५ ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचल्या की आपणहून वेग कमी करतात. जळून जाऊ नये म्हणून कारखान्यातच केलेली ती सोय आहे. सुरतेच्या दमट हवेने माणूस हैराण होतो, पण चिपला त्या दमटपणाशी काही देणेघेणे नाही. तिला कळते ते खोलीचे तापमान. खोली दहा अंशांनी तापली की, काम तेच आणि पंखाही तोच असला तरी, चिपही जवळजवळ दहा अंशांनी तापते. जानेवारीत सुरळीत चाललेला लॅपटॉप मे महिन्यात दम टाकतो तो यामुळेच.

इथे पहिली चूक होते ती पंख्याला दोष देण्याची. बाजारातून कूलिंग पॅड येते, त्यात आणखी दोन-तीन पंखे असतात, आणि फरक पडतो जेमतेम. पंखा हा या साखळीतला शेवटचा गडी आहे. उष्णता चिपमध्ये जन्मते, चिपवरच्या पातळ पेस्टमधून तांब्याच्या पट्टीत उतरते, पट्टीतून चपट्या नळीत, म्हणजे हीट पाइपमध्ये शिरते आणि नळीच्या दुसऱ्या टोकाच्या पातळ पात्यांपर्यंत पोचते. मग कुठे पंख्याची हवा तिला बाहेर ढकलते. हीट पाइप ही तर नवलाची वस्तू आहे. हवा काढून बंद केलेल्या नळीत थोडेसे पाणी असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला तिचे पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते परत गरम टोकाकडे खेचले जाते. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली ती घडवली. तिथे ती अवकाशयानांच्या ऊर्जेच्या कामासाठी होती. आज ती मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये आहे.

असा लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर उघडला की निदान समोरच दिसते. पंखा आणि पाती यांच्या मधोमध राखाडी रंगाची, बोटाने उचलता येईल अशी गादी बसलेली असते. मागाच्या शेडमध्ये, एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात, कटिंगच्या टेबलापाशी हवेत बारीक तंतू असतात. पंखा ते आत ओढतो आणि पाती त्यांना चाळणीसारखी अडवतात. नुसता बाहेरून ब्लोअर मारला तर ही गादी सुटत नाही, उलट आणखी दाबून बसते. पंखा सोडवून, गादी चिमट्याने उचलून, मगच हवा मारायची. हवा मारताना पंख्याचे पाते काडीने अडवून धरायचे, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. एवढ्यानेच पुष्कळदा तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरते आणि पुढचा खटाटोप वाचतो.

पण कधी कधी वाचत नाही. कारण खरी अडचण चिप आणि तांब्याच्या मधल्या जागेत असते.

डोळ्यांना दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे दिसतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत खाचा आणि उंचवटे असतात. एकमेकांवर ठेवले तर ते मोजक्या ठिकाणीच टेकतात आणि उरलेल्या फटींत हवा राहते. हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक. शास्त्राच्या मापात तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० आहे आणि हवेची ०.०२६. म्हणून फटी भरायला थर्मल पेस्ट लावतात. चांगल्या पेस्टची वाहकता साधारण ५ ते १० असते. तांब्यापुढे ती काहीच नाही, पण हवेपुढे पुष्कळ. काही वर्षांनी ही पेस्ट सुकते, भुगा होते, किंवा चिपच्या रोजच्या तापण्या-निवण्याने हळूहळू कडेला सरकते. ती पुसून नवी लावणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी दुरुस्ती. पेस्टचा थर पातळ हवा. जास्त पेस्ट म्हणजे जास्त थंडावा हा समज अगदी उलटा आहे, कारण पेस्टचे काम फट भरण्यापुरतेच आहे.

काही लॅपटॉपमध्ये, विशेषतः २००६ ते २००८ च्या सुमाराच्या यंत्रांत, ग्राफिक्सच्या चिपवर पेस्टऐवजी जाड, मऊ थर्मल पॅड लावलेले असे. कारखान्यात जुळणी करताना चिपची उंची थोडी कमीजास्त झाली तरी पॅड ते सांभाळून घेते. पण त्याची किंमत मोजावी लागते. चिपचे क्षेत्रफळ दीडशे चौरस मिलिमीटर आणि तिची उष्णता ३० वॅट धरा. वाहकता ५ असलेले, एक मिलिमीटर जाडीचे पॅड ओलांडताना हिशोबाने सुमारे ४० अंश खर्ची पडतात. म्हणजे तांबे ५० अंशांवर असेल तर चिप ९० वर. आता तेवढ्याच जाडीची तांब्याची चकती बसवा आणि तिच्या दोन्ही बाजूंना पेस्टचा अगदी पातळ थर द्या. तोच खर्च चार-पाच अंशांवर येतो. जगभरच्या हौशी लोकांनी त्या काळात एचपीच्या पॅव्हिलियन मालिकेतल्या लॅपटॉपना नेमके हेच केले. पॅड काढले आणि तांब्याची चकती बसवली.

त्यांची धडपड उगाच नव्हती. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया कंपनीने जाहीर केले की तिच्या लॅपटॉपसाठीच्या काही ग्राफिक्स चिपांत चिप आणि तिचे पॅकेज यांसाठी वापरलेले साहित्य कमकुवत निघाले आहे. त्याच्या भरपाईसाठी कंपनीने १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. ऑक्टोबरमध्ये ॲपलने आपल्या मॅकबुक प्रोमधील अशा चिपांची दुरुस्ती वॉरंटी संपल्यावरही फुकट करून देण्याचे कबूल केले. चिपच्या पोटाखाली डाखाचे बारीक बारीक ठिपके असतात. दर तापण्या-निवण्याला ते ताणले जातात आणि शेवटी तडकतात. मग पडदा काळा. दुरुस्तीच्या दुकानांत अशा चिपला ‘हीट मारतात’, म्हणजे ती बाहेरून तापवतात, आणि ती काही दिवस चालतेही, पण तडा तसाच राहतो आणि ग्राहक परत येतो. हे ग्राहकाला आधी सांगितलेच पाहिजे. न सांगता पैसे घेणे ही फसवणूक आहे.

चकतीचेही नियम कडक आहेत. ती जाड झाली तर स्क्रू आवळताना चिपच्या काचेसारख्या ठिसूळ सिलिकॉनचा कोपरा उडतो. शिवाय शेजारच्या मेमरी चिपांवरचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) उचलला जातो आणि त्या उघड्या पडतात. चिपभोवतीच्या बारीक सुट्या भागांना तांबे टेकले तर शॉर्टसर्किट होते, म्हणून तिथे उष्णता सोसणारी पिवळी चिकटपट्टी लावतात. पेस्टऐवजी द्रवरूप धातू लावण्याची टूम आहे. त्यात गॅलियम असते. ते वीज वाहून नेते आणि ॲल्युमिनियमला खाऊन टाकते, त्यामुळे ज्याचा हात बसलेला नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचे वेगळे कार्डही नसते, चिप थेट मदरबोर्डवर डाखलेली असते. हात चुकला तर अख्खा बोर्ड गेला.

ज्याला स्क्रूड्रायव्हर हाती धरायचा नाही त्यालाही एक उपाय आहे, आणि तो अनेकांना ठाऊक नसतो. चिपची उष्णता तिला मिळणाऱ्या व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग तोच ठेवून व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरवले तर स्विचिंगवर खर्च होणारी वीज सुमारे १९ टक्क्यांनी कमी होते. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या मोफत प्रोग्रॅमने, लॅपटॉपने मुभा दिली असेल तर, हे करता येते. फार उतरवले तर यंत्र अडकते, पण बंद करून सुरू केले की पूर्वीसारखे होते.

आता जरा मागाची खडखड मागे ठेवून महिधरपुऱ्यात जाऊ या, कारण उष्णता वाहण्यात तांब्यालाही मागे टाकणारी वस्तू तिथे विकली जाते. सुरतेच्या या हिरे बाजारात रस्त्याच्या कडेला, स्कूटरच्या सीटवर कागदाच्या पुड्या उघडल्या जातात आणि सौदे होतात. हिरा खरा की खोटा हे पाहायचे असेल तर हिऱ्याच्या धंद्यात पेनासारखे एक छोटे यंत्र वापरतात. त्याचे बारीक धातूचे टोक आतून तापवलेले असते. टोक खड्याला टेकवले की यंत्र पाहते, उष्णता किती झपाट्याने खड्यात शिरली. काच असेल तर टोक गरमच राहते. हिरा असेल तर ते क्षणात निवते आणि दिवा लागतो. मॉयसॅनाइट नावाचा खडा या पेनाला चकवतो, कारण तोही उष्णता चांगली वाहून नेतो, म्हणून त्याच्यासाठी विजेची वेगळी चाचणी लागते. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा मात्र पेनाला हिराच वाटतो, आणि ते बरोबरच आहे, कारण तो हिराच असतो.

हिऱ्याची उष्णतावाहकता सुमारे २०००, म्हणजे तांब्याच्या पाचपट. कार्बनचे अणू हलके आणि त्यांचे बंध कमालीचे ताठ, त्यामुळे कंपनांच्या रूपातली उष्णता त्या जाळीतून सपाट्याने धावते. वर तो वीज वाहत नाही. प्रयोगशाळेतल्या हिऱ्याची पातळ चकती चिमटीत धरून बर्फावर टेकवली तर ती बर्फात सरसर शिरते. बर्फ वितळवणारी ऊब धरणाऱ्याच्या बोटांतूनच आलेली असते आणि बोटे गारठतात.

मग ही चकती लॅपटॉपमध्ये तांब्याऐवजी बसवली तर? मघाचाच हिशोब पुढे नेला तर उत्तर हिरमोड करणारे येते. तांब्याच्या चकतीत मुळात अर्धाच अंश खर्ची पडत होता. हिऱ्याने तो ०.१ वर येईल. दोन्ही बाजूंच्या पेस्टमधले चार अंश तसेच राहतील. हिऱ्याची भुकटी घातलेली थर्मल पेस्टही बाजारात मिळते. भुकटीचा कण न् कण २००० वाहकतेचा, पण पेस्टची वाहकता चार-पाचच्या घरात राहते, कारण एका कणातून दुसऱ्यात जाताना उष्णतेला दर वेळी सांधा ओलांडावा लागतो. शिवाय ती भुकटी चिपवर ओरखडे पाडते.

म्हणून जगातले संशोधन सांधाच काढून टाकण्याच्या मागे आहे. हिरा थेट चिपच्या पाठीला चिकटवायचा किंवा चिपच्या साहित्यावरच वाढवायचा, मध्ये पेस्ट नको. गॅलियम नायट्राइडच्या चिपा हिऱ्यावर बसवण्याचे काम गेल्या वीस वर्षांत पुढे गेले आहे. अमेरिकेच्या डायमंड फाउंड्री कंपनीने २०२३ साली १०० मिलिमीटर व्यासाची एकस्फटिकी हिऱ्याची चकती दाखवली. अडचणी खऱ्या आहेत. तापल्यावर सिलिकॉन जितके प्रसरण पावते त्याच्या निम्म्याहूनही हिरा कमी पावतो, म्हणून जोड ताणला जातो. आणि साधा डाख हिऱ्याला धरत नाही, त्यावर आधी टायटॅनियमसारख्या धातूचा थर चढवावा लागतो.

सुरतेला हे सगळे परके नाही. वायूतून हिरा वाढवणाऱ्या भट्ट्या इथे आहेत. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी वॉशिंग्टनला अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांना दिलेला साडेसात कॅरटचा हिरा सुरतेतच तयार झाला होता. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या हिऱ्यासाठी संशोधनाचे अनुदान जाहीर झाले आणि मद्रास आयआयटीला पाच वर्षांसाठी सुमारे २४२ कोटी रुपये मिळाले. त्यानंतर दागिन्यांसाठीच्या अशा हिऱ्याचे भाव कोसळले आणि घंटीवर, म्हणजे हिरे घासण्याच्या चाकावर, बसणाऱ्या रत्नकलाकारांना त्याची झळ लागली. दागिन्याखेरीज दुसरा ग्राहक शोधण्याची गरज या शहराइतकी क्वचितच कुठे असेल. चिपला लागणारा हिरा रंगाने किंवा चमकेने विकला जात नाही. त्याची पाठ किती सपाट आणि किती गुळगुळीत आहे एवढेच पाहिले जाते, कारण तेवढ्यावरच जोड बसतो किंवा सुटतो. खड्याचा पैलू घासताना नजर काही मिलिमीटरच्या जागेवर असते, इथे तीच सफाई हाताच्या पंज्याएवढ्या चकतीवर, कडेपासून कडेपर्यंत हवी. त्यासाठी वेगळी यंत्रे, वेगळी मोजमापे आणि नव्याने शिकलेले कारागीर लागतील. हे शिक्षण वराछा-कतारगामच्या हिऱ्यांच्या कारखान्यांत लवकर सुरू व्हायला हवे.