घराची नोंदवही





माझे वडील शिंपी होते. ते वारल्यावर प्रश्न उभा राहिला : दुकानातले इंटरलॉक मशीन कोणाचे? थोरल्या बंधूंनी आखातातून त्यासाठी पैसे पाठविले होते. पण भेट म्हणून की उसने, हे फक्त वडिलांना ठाऊक होते. कागदावर काहीच नव्हते. त्या एका मशीनपायी दोन भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत. त्यांतला एक मी.

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार घ्यावेत, असा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. कुरआन शरीफमधील ही सर्वांत मोठी आयत. वारसाचा क्रमही ठरलेला आहे : आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्जफेड (पत्नीचा न दिलेला मेहर हेही कर्जच), मग एक तृतीयांशापर्यंत वसीयत, आणि उरलेल्यात वारसांचे हिस्से. पण काय काय होते हेच माहीत नसेल, तर हिस्से कशाचे करणार? जमिनीला सातबारा असतो. रंध्याला, वेल्डिंग मशीनला, होडीच्या इंजिनाला नसतो. अशा वेळी बहिणीचा हिस्सा सहज विसरला जातो.

विम्याचेही तसेच. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. अशा पुरात मालाबरोबर पावत्याही जातात. मग सर्व्हेअर विचारतो : काय होते, केव्हा घेतले, कितीला? घराच्या विम्यात धंद्याची हत्यारे आणि पुराची जोखीम येते का, हेही आधीच विचारून घ्या.

तेव्हा एक शंभर पानी वही घ्या. वस्तू, कंपनी, मशीनवरचा क्रमांक, खरेदीची तारीख, किंमत आणि मालकाचे नाव, असे रकाने आखा. दागिन्यांचे वजन लिहा. पैसे दुसऱ्याचे असतील, तर भेट की कर्ज, ते लिहून दोघांनी सह्या करा. मोबाईलवर वस्तूंचे आणि पावत्यांचे फोटो काढा. एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. वर्षातून एकदा, जकातीचा हिशेब करताना, वही तपासा.

विद्यार्थी मित्रहो, तुमचे अक्षर चांगले आहे. या सुट्टीत अब्बांजवळ बसा. ते सांगतील, तुम्ही लिहा. माझ्या वडिलांजवळ मी तसा बसलो नाही.

खुदा हाफिज.