शेतातली इंधनकांडी

भोपाळच्या नबीबाग भागात 1976 पासून केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे. शेतातल्या काडीकचऱ्यापासून इंधन करण्यावर तिथं काम होतं. हे काम मोलाचं आहे, कारण याच परिसरात गहू निघाला की उरलेली धाटं, तिकडची नरवाई, सर्रास पेटवतात.

अशा काडीकचऱ्याची इंधनकांडी, म्हणजे पेलेट, बनते कशी? माल दहा-बारा टक्के ओलाव्यापर्यंत वाळवायचा, भुसा करायचा आणि भोकं असलेल्या पोलादी साच्यातून जोरानं दाबायचा. दाबानं तो तापतो, त्यातलं लिग्निन मऊ होऊन कण चिकटतात आणि करंगळीएवढ्या कडक, चकचकीत कांड्या पडतात. वेगळा डिंक सहसा लागत नाही.

यासाठी मुद्दाम नेपियर गवत लावावं का? एकदा लावलं की काही वर्षं कापत राहता येतं, हे खरं. पण हिरव्या गवतात सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असतं, वाळवण्यातच पैसा जातो. गहू-सोयाबीनची काळी जमीन त्यात अडकवू नये. पडीक रानात, बांधावर सुबाभूळ किंवा बांबू बरा.

औष्णिक वीजकेंद्रांत कोळशाबरोबर पेलेट जाळण्याचं धोरण केंद्रानं 2021 मध्ये सक्तीचं केलं, म्हणून मागणी आहे. तरी लागवडीआधी खरेदीदार, भाव आणि वाहतूक लेखी ठरवून घ्या.