चूल, कुकर आणि पेंढ्याची पाटी



आज मी वर्गात पाटी आणली आहे. लिहायची पाटी नव्हे, बांबूची पाटी. मघापासून सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे आहेत. तिच्यात काय आहे ते सांगतो. पाटीत भाताचा पेंढा आहे. पेंढ्यात पातेले आहे. पातेल्यात तांदूळ आहेत. तुम्ही जमायच्या आधी अर्धा तास माझ्या बायकोने पलीकडच्या पडवीत हे पातेले चुलीवर ठेवले. पाणी खळखळले. पाच मिनिटे उकळू दिले. मग झाकणासकट उचलून पेंढ्यात बसवले आणि वर घोंगडी घातली. आता खाली विस्तव नाही, निखारा नाही. भात शिजतो की नाही, ते माझे बोलणे संपल्यावर पाहू. तोवर कुणी घोंगडी उचलू नका. वारा लागला की सगळे फुकट जाईल.

आजचा विषय आहे स्वयंपाकाची साधने. पुरुष मंडळी म्हणतील, हा बायकांचा विषय. मीही तसेच म्हणत होतो. अडतीस वर्षे शाळेत काढली. मुलांना वाफेचे इंजिन शिकवले, हवेचा दाब शिकवला. पण माझ्याच घरात चुलीपुढे बसलेली बाई सारखे डोळे का पुसते, हे मी कधी विचारले नाही.

चार वर्षांपूर्वी तिचा खोकला वाढला. चार पावले चालली की दम लागे. दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तिला एका नळीत जोराने फुंकायला सांगितले. तिला फुंकता येईना. जन्मभर फुंकणी फुंकलेली बाई, पण त्या नळीत तिचा श्वास पुरेना. डॉक्टरांनी विचारले, "बाई, विडी किती वर्षे ओढता?" ती लाजली. म्हणाली, "विडीला कधी हात नाही लावला, साहेब." मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "घरी चूल आहे का?" एवढेच विचारले.

त्याच वर्षी मी नवी मोटारसायकल घेतली होती. ती दाराशी उभी होती. चुलीसाठी मात्र मी कधी शंभर रुपये खर्चले नव्हते.

घरातल्या धुराने जगात किती माणसे जातात, याचा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेने मांडला आहे. २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख, असा तो अंदाज आहे. त्यात पाच वर्षांखालची दोन लाखांवर मुले आहेत. मूल आईच्या कडेवर असते, आणि आई चुलीपुढे असते. मग धूर दोघांच्या छातीत जातो.

आपल्या सुरगाण्याकडे पाऊस फार. चार महिने सरपण ओले. ओले लाकूड जळत नाही, नुसते धुमसते. त्याची बरीच आच स्वतःचे पाणी वाळवण्यात जाते. म्हणून पहिली गोष्ट बिनपैशाची सांगतो. लाकूड उन्हाळ्यातच फोडून ठेवा. मनगटाएवढे जाड नको, अंगठ्याएवढे बारीक करा. पडवीत उंचावर रचा. कोरडे, बारीक लाकूड भडकून जळते आणि धूर कमी होतो. दुसरी गोष्ट म्हणजे भांड्यावर झाकण. उघड्या पातेल्यातून वाफ जाते, म्हणजे तुमच्या डोक्यावरून आणलेली मोळीच हवेत जाते.

आपली चूल वाईट आहे असे मी म्हणत नाही. जुन्या बायका हुशार होत्या. चुलीशेजारी वैल ठेवायचे. चुलीची उरलेली आच वैलाखाली जाते आणि त्यावर आमटी गरम राहते. एका विस्तवावर दोन भांडी. हल्ली घाईने तीन दगड मांडतात आणि वैल विसरतात. वैल पुन्हा घाला. जिला येते, तिच्याकडून शिकून घ्या.

धूर बाहेर काढणारी चूल हीदेखील आजची कल्पना नाही. वर्ध्याला मगनवाडी आहे. तेथे १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत. त्या मगनवाडीत मगन चूल तयार झाली. मातीचीच चूल, पण तिला धुराडे. पुढे १९८३ साली सरकारने देशभर सुधारलेल्या चुलींचे काम हाती घेतले. ते २००२ पर्यंत चालले. लाखो चुली बसल्या. पुष्कळ मोडल्याही.

का मोडल्या, ते माझ्या घरचे सांगतो. आमच्याकडेही एक माणूस येऊन तशी चूल बांधून गेला. मी घरी नव्हतो. बायकोला त्याने काही विचारले नाही. मोज घेतले, माती लावली, नळी उभी केली, कागदावर सही घेतली आणि गेला. दुसऱ्या दिवशी बायकोने खापरी ठेवली, तर चुलीचे तोंड लहान. नागलीची भाकरी आपण केवढी थापतो! तिला जाळ सगळीकडून सारखा लागतो. मधोमध भाकरी करपली आणि कडा कच्च्या राहिल्या. मी म्हणालो, "सरकारी चूल आहे, सवय होईल." ती काही बोलली नाही. दोन महिन्यांनी धुराडे काजळीने भरले. कसे साफ करायचे ते कुणी सांगितले नव्हते. धूर पुन्हा घरात. दिवाळीच्या आधी तिने कुऱ्हाडीच्या तुंब्याने ती चूल फोडली आणि जुनी घातली. तेव्हा मला राग आला होता. आज वाटते, चूक तिची नव्हती.

म्हणून कुणी धुराड्याची चूल घालायला आले, तर घरच्या बाईने खापरी आणि मोठे पातेले समोर आणून ठेवावे. म्हणावे, हे बसेल अशी घाला. धुराडे छपराच्या वर हातभर गेले पाहिजे. महिन्यातून एकदा काठीला चिंधी बांधून काजळी काढली पाहिजे. एवढे केले तर चूल टिकते.

गॅसबद्दल थोडेच बोलतो, कारण तुम्हाला ठाऊक आहे. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आपल्या पाड्यांवरही टाक्या आल्या. गॅसला धूर नाही. भाकरीही होते. पण टाकी संपली की कित्येक घरांत ती कोपऱ्यात उभी राहते आणि तिच्यावर टोपली ठेवतात. मला त्यांना हसायचे नाही. पैसे लागतात. माझे म्हणणे इतकेच, की टाकी असेल तर ती पाहुण्यांच्या चहासाठी राखू नका. पावसाळ्यात वापरा, जेव्हा सरपण ओले असते.

आता कुकर. नीट ऐका, यात थोडे शास्त्र आहे.

उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांवर उकळते. मग कितीही जाळ घाला, ते शंभराच्या वर जात नाही. जास्त जाळ घातला तर वाफ जास्त होते, इतकेच. उंच डोंगरावर तर ते शंभराच्याही आधी उकळते, कारण तेथे हवेचा दाब कमी असतो. म्हणून गडावर डाळ शिजायला वेळ लागतो. कुकरमध्ये आपण उलटे करतो. झाकण घट्ट बसवून वाफ कोंडतो. दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास जाते. डाळ लवकर गळते. उघड्यावर पाऊण तास घेणारी तूरडाळ कुकरात दहा-बारा मिनिटांत होते.

ही युक्ती जुनी आहे. डेनिस पापँ नावाचा एक फ्रेंच माणूस होता. त्याने १६७९ साली लंडनमध्ये वाफ कोंडणारे भांडे केले. त्यात हाडेसुद्धा मऊ होत. पण कोंडलेली वाफ भांडे फोडू शकते, हे त्याला कळले. म्हणून त्याने जास्तीची वाफ सोडणारी झडप बसवली. तीच झडप आजच्या कुकरात आहे. आपल्या मुंबईत हॉकिन्सची कंपनी १९५९ साली निघाली. तेव्हापासून कुकर शहरांत घरोघरी गेला. आपल्याकडे यायला पुष्कळ वर्षे लागली.

आमच्या घरी कुकर आला तो सुनेबरोबर. एके दिवशी तिने उडदाची डाळ घातली, जवळजवळ काठोकाठ. उडीद फेसाळतो. फेस वर चढला आणि शिटीची नळी चोंदली. शिटी होईना. सून लहान, घाबरली. तिने झाकण ओढले. डाळ उडाली ती थेट छपराला. तिच्या हाताला चटका बसला. डोळे वाचले, हे नशीब. त्या डाळीचा डाग आमच्या वाशावर अजून आहे. मी तो पुसू दिला नाही.

तेव्हा कुकर घेताना आणि वापरताना सांभाळा. त्यावर आय.एस.आय.ची खूण पाहा. आता तुम्हाला अक्षरे येतात, तुम्हीच वाचा, दुकानदाराला विचारू नका. २०२१ सालापासून ही खूण सक्तीची आहे. डाळ घालाल तर कुकर अर्धाच भरा. भाजीला तीन भागांतले दोन भाग. झाकण लावण्याआधी शिटीची नळी उजेडाकडे धरून आरपार पाहा. झडप गेली तर त्याच कंपनीची आणा, तिथे तार किंवा खिळा ठोकू नका. आणि वाफ पुरती बसल्याशिवाय झाकणाला हात नको. चुलीवर ठेवाल तर जाळ लहान ठेवा, नाहीतर दांडा जळतो. बुडाला बाहेरून पातळ माती लावली तर काजळी धुवायला सोपी जाते. ही माझ्या सुनेची युक्ती.

पण कुकरात भाकरी होत नाही. हे सांगायला मी कशाला हवा, असे म्हणाल. पण जाहिरात करणारे असे बोलतात, की एक वस्तू घेतली की सगळे झाले. आपल्या घरात भाकरीला जाळ लागणारच. डाळ-भाताचा जाळ वाचला, तर चुलीपुढचा निम्मा वेळ वाचतो. मी कुकरकडे तसे पाहतो.

पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली आरती नावाची संस्था काढली. आरती म्हणजे देवाची आरती नव्हे, संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. तेथे त्यांनी सराई कुकर तयार केला. मोठ्या डब्यात भात, डाळ, भाजीची भांडी एकावर एक. तळाला थोडे पाणी. खाली लहानशी शेगडी, तिच्यात शेतातल्या पालापाचोळ्याचा कांडी कोळसा. साधारण शंभर ग्रॅम कोळशात चार-पाच माणसांचे जेवण होते. मागे बसावे लागत नाही. मात्र कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नका. कोळशाचा धूर दिसत नाही, पण त्याचा वायू झोपेत जीव घेतो.

आता आपल्या पाटीकडे येऊ. हिला पैसे लागत नाहीत.

पातेले उकळले की त्यात पुष्कळ उष्णता साठते. चुलीवरून उतरवले की ती हवेत जाते. ती कोंडून ठेवली, तर तिच्यावरच अन्न शिजत राहते. पेंढ्याच्या काड्या पोकळ असतात. काड्यांत हवा, काड्यांच्या मधे हवा. ही अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. घोंगडीत ऊब राहते ती याच कारणाने. नॉर्वे नावाच्या थंड देशातली अशी पेटी १८६७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली होती. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात जळण महाग झाले, तेव्हा तिथल्या बायकांनी गवताच्या पेट्यांत अन्न शिजवले. साहेबाच्या बायकोने जे केले, ते आपण का करू नये? पेंढा तर आपल्या दारात पडलेला आहे.

पाटी पातेल्यापेक्षा मोठी घ्या. तळाला आणि चारी बाजूंनी वीतभर कोरडा पेंढा घट्ट दाबा. वर पेंढा भरलेले पोते, त्यावर घोंगडी. पातेले निम्म्यापेक्षा जास्त भरलेले हवे, थोड्या अन्नात उष्णता टिकत नाही. भाताला पाच मिनिटांची उकळी पुरते, मग तासभर पाटीत. उडीद, कुळीथ रात्री भिजवा, वीस मिनिटे खळखळून उकळा, मग दोन-तीन तास ठेवा. मधे उघडून पाहायचे नाही. अन्न कोमट झालेले दिसले तर पुन्हा उकळून मगच खा. रात्रभर पाटीत ठेवू नका, आंबते.

आणि एक गोष्ट विसरू नका. पातेले पेंढ्यात ठेवण्याआधी त्याचे बूड फडक्याने पुसा. बुडाला एक निखारा चिकटलेला असला, तर पाटीसकट घर जाईल. पाटी चुलीपासून लांब ठेवा.

माझी बायको आता सकाळी शेतावर जाताना उडीद पाटीत ठेवते. आल्यावर फक्त भाकरी टाकते. चूल अजून आहे, पण तिच्यापुढे बसणे कमी झाले. खोकला गेलेला नाही. डॉक्टर म्हणाले, छातीचे जे गेले ते परत येत नाही, पुढचे वाचेल. ती मागे बसली आहे. तुम्हाला काही विचारायचे असेल तर मला नको, तिला विचारा. मी भात खाणारा, ती करणारी.

चला, बराच वेळ झाला. घोंगडी काढा. सांभाळून, वाफ येईल. कुणीतरी वाट्या आणा.